नदीतील वाळू : अमानत, माप आणि हलाल कमाई

असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू या. गावात मशिदीचे बांधकाम चालू आहे. जोते भरून झाले आहे आणि स्लॅबसाठी वर्गणी जमविली जात आहे. एके दिवशी फजरच्या नमाजला आलेल्या लोकांना आवारात ओल्या वाळूचा मोठा ढीग दिसतो. रात्री कोणी तरी दोन-तीन ट्रॉल्या रिकाम्या करून गेला आहे. पावती नाही, परवाना नाही. निरोप एवढाच की अल्लाहच्या घरासाठी दिली, सवाब मिळावा. कमिटीतील काही जण समाधान व्यक्त करतात, कारण बाजारभावाने वाळू परवडत नाही. एक वयस्क गृहस्थ मात्र विचारतात, "ही वाळू देणाऱ्याची होती काय?"

या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. गोदावरी, भीमा, गिरणा यांच्या काठची गावे असोत की कोकणातील खाड्यांच्या काठची, वाळूचा उपसा आज आपल्या दाराशी आलेला आहे. ट्रॅक्टर चालविणारा तरुण आपल्याच घरातला असतो, विहीर आटलेला शेतकरीही आपल्याच घरातला असतो आणि घर बांधणाराही आपणच असतो. म्हणून हा विषय केवळ महसूल खात्याचा किंवा पर्यावरणवाद्यांचा नाही. तो हलाल-हरामचा, अमानतीचा आणि आखिरतमधील हिशेबाचा विषय आहे.

वाळू नदीत कशासाठी असते?

आपण वाळूकडे बांधकामाचे साहित्य म्हणून पाहतो. निर्मात्याने मात्र तिला नदीत दुसऱ्याच कामासाठी ठेवले आहे. डोंगरातील पाषाण ऊन-पावसाने झिजतो. त्याचे तुकडे ओढ्या-नाल्यांतून वाहत येतात. मोठे दगड वरच्या भागात राहतात, अगदी बारीक गाळ पाण्याबरोबर दूर निघून जातो आणि मधल्या आकाराचे कण पात्रात स्थिरावतात. ही प्रक्रिया फार संथ आहे. एका पावसाळ्यात येणारी नवी वाळू थोडी असते. पात्रात दिसणारा थर पिढ्यान्‌पिढ्यांच्या संचयातून तयार झालेला असतो. सूरह रअदच्या १७ व्या आयतीत अल्लाहने सत्य आणि असत्याचे उदाहरण देताना हेच दृश्य आपल्यापुढे ठेवले आहे. आकाशातून पाणी उतरते, ओढे आपापल्या मापाने वाहू लागतात, वरचा फेस निघून जातो आणि जे लोकांच्या उपयोगाचे असते ते जमिनीत टिकून राहते.

जमिनीत टिकून राहणाऱ्या या वाळूचा पहिला उपयोग पाणी साठविणे हा आहे. वाळूच्या कणांमध्ये पोकळी असते आणि ती एकूण आकारमानाच्या साधारण एक-तृतीयांश असते. व्यवहारात वाळू ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. पूर्ण भिजलेल्या एका ब्रास वाळूत त्यामुळे सुमारे ९०० लिटर पाणी सामावलेले असते. वरची वाळू कोरडी झाली तरी खालचे पाणी उन्हापासून सुरक्षित राहते. म्हणूनच मराठवाड्यात उन्हाळ्यात नदी कोरडी दिसत असली तरी बायाबापड्या वाळूत झिरा उकरून घागर भरीत आल्या आहेत. हे पाणी गाळलेले आणि स्वच्छही असते, कारण वाळू गाळणीचे कामही करते.

आता प्रेषित मुहम्मद (स.) यांची सुन्नत आठवा. बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आले आहे की ते एका 'मुद्द' पाण्याने वुजू करीत असत. मुद्द म्हणजे दोन्ही तळहातांची एक ओंजळ भरेल इतके माप. ते एक लिटरही भरत नाही. ज्या प्रेषितांनी एवढ्याशा पाण्यात वुजू पूर्ण करून दाखविले, त्यांच्या अनुयायांनी एका रात्रीत दहा-वीस ब्रास वाळू उपसून हजारो लिटर पाण्याचे घर मोडावे, यातील विसंगती समजण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही.

उपसा होतो तेव्हा काय बिघडते?

पूर्वीही लोक वाळू काढीत. बैलगाडी भरून नेत, फावड्या-घमेल्याने काढीत. कोकणात होडीतून जाऊन बुडी मारून हातपाटीने वाळू काढण्याची जुनी पद्धत आहे. माणसाच्या हाताला थकवा येतो आणि हा थकवाच नदीचे संरक्षण करीत असे. पोकलेन, जेसीबी आणि सक्शन पंप आले तेव्हा ही मर्यादा नाहीशी झाली. यंत्र थकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालांनुसार जगात दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू व खडी वापरली जाते. पाण्याखालोखाल माणूस सर्वांत जास्त वापरतो ती हीच वस्तू. वाळवंटातील वाळू या कामाला येत नाही, कारण वाऱ्याने घासून तिचे कण गुळगुळीत झालेले असतात आणि ते सिमेंटमध्ये नीट धरून राहत नाहीत. सगळा भार म्हणून नद्यांवर पडतो.

दुसरीकडे नवी वाळू येण्याचे मार्गही आपण रोखले आहेत. धरणात पाण्याबरोबर गाळ आणि वाळूही अडते. गोदावरीवर पैठण येथे १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झाले. धरणाखालच्या पात्रात वरून येणारी वाळू त्यामुळे घटते. जिथे आवक कमी झाली तिथेच उचल वाढली, तर शिल्लक काय राहणार, हा साध्या हिशेबाचा प्रश्न आहे.

उपशाचे परिणाम क्रमाने समजून घेतले पाहिजेत.

पहिला परिणाम विहिरींवर होतो. नदीचे पात्र आणि काठच्या विहिरी यांचे पाणी जमिनीखाली एकमेकांशी जोडलेले असते. पात्र खोल गेले की काठच्या जमिनीतील पाणी त्या खोलीकडे झिरपू लागते आणि विहिरींची पातळी उतरते. काही जण म्हणतात, "खड्डे पडले तर उलट जास्त पाणी साठेल." हा युक्तिवाद अपुरा आहे. उघड्या खड्ड्यातील पाणी वाळूखालच्या पाण्यासारखे झाकलेले नसते. ते उन्हाने उडून जाते. शिवाय तो खड्डा आजूबाजूच्या विहिरींचे पाणीही आपल्याकडे ओढून घेत असतो.

दुसरा परिणाम काठांवर होतो. वाळूचा थर गेला की पुराचे पाणी आपली झीज काठावर काढते. दरडी कोसळतात आणि नदीकाठची काळी जमीन वाहून जाते. ज्याने वाळू विकली त्याचे शेत बहुधा दूर असते. जाते ते शेजाऱ्याचे.

तिसरा परिणाम पुलांवर होतो. पुलाचे खांब ज्या थरात रोवलेले असतात तोच थर खाली गेला तर पाया उघडा पडतो. पोर्तुगालमध्ये दोउरो नदीवरील एक जुना पूल ४ मार्च २००१ च्या रात्री कोसळला. एक बस आणि काही मोटारी नदीत गेल्या आणि ५९ माणसे मृत्युमुखी पडली. पात्रातून वर्षानुवर्षे झालेल्या वाळू उपशामुळे खांबांचा आधार खचल्याचे चौकशीत पुढे आले.

चौथा परिणाम खाड्यांवर होतो. खाडीचा तळ खोल केला की भरतीचे खारे पाणी अधिक आत शिरते. गोड्या पाण्याच्या विहिरी मचूळ होतात, खारबंदिस्तीचे बांध ढासळतात आणि माशांची अंडी घालण्याची ठिकाणे नष्ट होतात. बाणकोट खाडीच्या मुखाजवळील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे वाळूत अंडी घालण्यासाठी येतात. त्यांना दुसरे घर नाही.

आणि पाचवा परिणाम थेट मानवी जीवितावर होतो. पात्रात खोदलेले खड्डे पावसाळ्यात पाण्याखाली दिसत नाहीत. पोहायला गेलेली मुले आणि कपडे धुण्यास गेलेल्या स्त्रिया ओळखीच्या उथळ नदीत अनोळखी डोहात बुडतात. ज्या दिवशी खड्डा खोदला गेला त्या दिवशी खोदणाऱ्याच्या मनात कोणाचा जीव घेण्याचा विचार नव्हता, हे खरे. परंतु रस्त्यात खड्डा खोदून कोणी त्यात पडून मेला तर खोदणारा जबाबदार ठरतो, हा नियम फिक्हच्या ग्रंथांत सविस्तर आलेला आहे.

मीजान आणि माप

दिव्य कुरआनात निसर्गाचा उल्लेख येतो तेव्हा त्याबरोबर 'माप' हा शब्द पुनःपुन्हा येतो. सूरह हिज्रच्या १९ ते २१ या आयतींत सांगितले आहे की पृथ्वीवर प्रत्येक वस्तू प्रमाणशीर उगविली गेली, प्रत्येक वस्तूचे खजिने अल्लाहजवळ आहेत आणि तो त्या ठरावीक मापानेच उतरवितो. सूरह मोमिनूनच्या १८ व्या आयतीचा आशय तर आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. अल्लाहने आकाशातून मोजके पाणी उतरविले, ते जमिनीत थांबवून ठेवले, आणि ते काढून नेण्यासही तो समर्थ आहे. सूरह मुल्कची शेवटची आयत माणसाला विचारते की तुमचे पाणी जमिनीत खोल उतरले तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल? बोअरवेलचे यंत्र पाचशे फुटांवरून धूळ वर काढते तेव्हा हा प्रश्न किती जवळचा आहे, हे शेतकरी बांधवांना सांगावे लागत नाही.

सूरह रहमानच्या प्रारंभी आकाशाच्या उंचीबरोबर मीजानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे आणि लगेच आज्ञा आहे की तोलात अतिरेक करू नका व माप कमी भरू नका. विश्वाचा समतोल आणि दुकानातील तराजू यांना कुरआनने एकाच ठिकाणी आणले आहे. जो एका ठिकाणी अप्रामाणिक आहे तो दुसऱ्या ठिकाणीही बिघाडच करील, हा त्यातील बोध.

हजरत शुऐब (अलै.) यांची कौम

हा बोध मदयनवासीयांच्या वृत्तांतात अधिक स्पष्ट होतो. सूरह आराफ आणि सूरह हूद या दोन्हींत हजरत शुऐब (अलै.) यांचा उपदेश आला आहे. ते एका अल्लाहच्या उपासनेचे आवाहन करतात आणि त्याला जोडूनच तीन गोष्टी सांगतात : माप आणि वजन पुरे करा, लोकांच्या वस्तूंत घट करू नका, आणि जमिनीची घडी नीट बसविली गेल्यानंतर तिच्यात फसाद माजवू नका.

या तिन्ही गोष्टी वाळूच्या व्यवहारात आढळतात. परवाना शंभर ब्रासचा असतो आणि उपसा पाचशेचा होतो; एकाच पावतीवर दिवसभर खेपा चालतात; नेमून दिलेली खोली तीन मीटर असते आणि खड्डा त्याहून कितीतरी खोल जातो. ही 'ततफीफ' नव्हे तर दुसरे काय? सूरह मुतफ्फिफीनमध्ये ज्यांच्यासाठी विनाशाचा इशारा आहे ते घेताना पुरेपूर घेतात आणि देताना कमी देतात. इथे नदीकडून घेताना मापापलीकडे घेतले जाते आणि शासनाच्या, म्हणजेच जनतेच्या तिजोरीत भरताना कमी भरले जाते. ज्याच्याकडे रीतसर ठेका आहे त्यानेही म्हणून आपण सुरक्षित आहोत असे समजू नये. कागद हलाल असला तरी माप हराम असू शकते.

मदयनवासीयांनी आपल्या प्रेषिताला दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. सूरह हूदच्या ८७ व्या आयतीत ते उपहासाने विचारतात की, आमच्या मालाचे आम्ही हवे ते करणे सोडून द्यावे, हे तुला तुझी नमाज शिकविते काय? त्यांना नमाज आणि बाजार या वेगळ्या गोष्टी वाटत होत्या. आपणही जेव्हा "दीनमध्ये वाळूचा प्रश्न कुठून आणता?" असे म्हणतो, तेव्हा नकळत त्याच लोकांचा युक्तिवाद आपल्या तोंडी आलेला असतो.

"हे तर विकासाचे काम आहे," हाही एक युक्तिवाद आहे. सूरह बकराच्या ११ व १२ व्या आयतींत अशा लोकांचे वर्णन आहे, ज्यांना फसाद करू नका असे सांगितले की ते आपण सुधारणाच करीत असल्याचे सांगतात. याच सूरहच्या २०५ व्या आयतीत शेती आणि जीवसृष्टी यांचा नाश करण्यासाठी धावणाऱ्याचा उल्लेख असून, अल्लाहला फसाद मुळीच पसंत नाही असे स्पष्ट केले आहे. घरे, रस्ते, पूल अवश्य बांधले पाहिजेत. परंतु ज्या बांधकामामुळे शेजारचे शिवार ओसाड पडते त्याला इस्लाह म्हणता येत नाही.

वाळूचा मालक कोण?

येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली जाते. "नदी अल्लाहची, वाळू अल्लाहची. ती कोणी निर्माण केली नाही, कोणी विकत घेतली नाही. मग कष्ट करून काढणाऱ्याची ती का नसावी? शासन कोण अडविणारे?"

या शंकेचा पहिला भाग बरोबर आहे. निष्कर्ष चुकीचा आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीसनुसार पाणी, कुरण आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक भागीदार आहेत. भागीदारीचा अर्थ 'कोणाचेच नाही' असा होत नाही; 'सर्वांचे आहे' असा होतो. भागीदारीच्या मालातून एकाने इतरांना न विचारता सगळे उचलले तर त्याला कष्ट म्हणत नाहीत.

याहून नेमके मार्गदर्शन हजरत अब्यद बिन हम्माल (रजि.) यांच्या प्रसंगातून मिळते. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांनी तो नोंदविला आहे. हजरत अब्यद यांनी यमनमधील मारिब येथील मिठाची जागा आपल्याला मिळावी अशी विनंती केली आणि प्रेषितांनी (स.) ती मान्य केली. ते जाऊ लागले तेव्हा उपस्थितांपैकी एकाने निदर्शनास आणले की आपण त्यांना अखंड झऱ्यासारखी, सहज हाती लागणारी संपत्ती देऊन टाकली आहे. तेव्हा प्रेषितांनी (स.) ती देणगी परत घेतली. जमिनीवर उघड पडलेली आणि सर्वांच्या गरजेची खनिजे एका व्यक्तीच्या ताब्यात देता येत नाहीत, हा नियम फुकहांनी यातून काढला. खुद्द प्रेषितांनी (स.) दिलेली सनदही सार्वजनिक हित लक्षात येताच परत घेतली गेली, तर रात्रीच्या अंधारात स्वतःच घेतलेल्या हक्काला काय आधार उरतो?

हनफी फिक्हमध्ये इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी 'किताबुल खराज' या ग्रंथात दजला आणि फुरात या मोठ्या नद्यांचा विचार केला आहे. त्या सर्वांच्या आहेत, त्यांपासून प्रत्येकाला लाभ घेता येतो. मात्र त्या लाभामुळे इतरांना अपाय होत असेल तर त्याला रोखले जाईल. सर्व मजहबांना मान्य असलेला मूळ नियमही हाच आहे : स्वतः हानी सोसू नये आणि दुसऱ्याला हानी पोहोचवू नये.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने जातो. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार बांधकामाची वाळू हे गौण खनिज आहे आणि तिच्या नियमनाचा अधिकार राज्यांकडे आहे. नद्यांसारखी नैसर्गिक साधने शासन जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले. विश्वस्त म्हणजे अमीन. ही आपल्याला परिचित असलेलीच अमानतीची कल्पना आहे. २७ फेब्रुवारी २०१२ च्या निर्णयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजाच्या उत्खननासाठीही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरली, आणि विनापरवाना वाळू काढणे ही चोरीदेखील ठरू शकते असे त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंडाची आणि वाहन जप्तीची तरतूद आहे. पावसाळ्यात उपशास बंदी असते. लोकहितासाठी केलेले आणि शरीअतच्या विरोधात न जाणारे असे नियम पाळणे ही मुस्लिमाची धार्मिक जबाबदारीही आहे.

जहाजाच्या तळाचे छिद्र

सहीह बुखारीत हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस सर्वपरिचित आहे. काही लोक एका जहाजात बसले. चिठ्ठ्या टाकून कोणाला वरचा मजला मिळाला, कोणाला खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. ते म्हणू लागले की आपण आपल्याच भागात छिद्र पाडून घेतले तर वरच्यांना त्रास होणार नाही. प्रेषितांनी (स.) सांगितले की वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सर्व जण बुडतील, आणि त्यांचा हात धरला तर सर्व जण वाचतील.

या उदाहरणातील खालचे लोक दुष्ट नाहीत. त्यांना खरी गरज आहे आणि त्यांचा हेतूही वरकरणी चांगलाच आहे. पण छिद्र छिद्रच असते. नदीचे पात्र हा गावाच्या जहाजाचा तळ आहे. हात धरण्याची जबाबदारी वरच्यांवर टाकली आहे, हेही विसरू नये. वरच्यांनी खालच्यांच्या पाण्याची सोय केली असती तर छिद्राचा विचारच आला नसता. गावातील संपन्न मंडळींनी बेरोजगार तरुणांसाठी काय केले, हा प्रश्नही या हदीसमध्ये सामावलेला आहे.

हात धरणे सोपे नाही. वाळूच्या व्यवहारात पैसा मोठा आहे आणि त्याबरोबर दहशतही आली आहे. तलाठी, तहसीलदार यांच्या अंगावर वाहने घातल्याच्या बातम्या आपण वाचतो. मुंबईच्या सुमैरा अब्दुलअली यांच्यावर २००४ मध्ये अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर बेकायदा वाळू उपसा रोखण्याचा प्रयत्न करताना हल्ला झाला. त्यांनी माघार घेतली नाही. न्यायालयाचा मार्ग धरला आणि हा प्रश्न देशापुढे आणला. वाईट गोष्ट हाताने, ते शक्य नसेल तर वाणीने आणि तेही शक्य नसेल तर मनाने रोखावी, या हदीसमधील तीन पायऱ्या ज्याच्या-त्याच्या शक्तीनुसार आहेत. चौथी पायरी मात्र नाही.

कमाईचा प्रश्न

आता ट्रॅक्टरवर बसलेल्या तरुणाकडे वळू. तो म्हणतो, "हप्ते थकले आहेत. शेतीत काही उरत नाही. मी चोरी करीत नाही, मालक सांगतो तिथे नेतो." त्याची अडचण खरी आहे आणि तिची टिंगल करण्याचा अधिकार कोणाला नाही. तरीही सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीतील आज्ञा त्याला लागू होते : पुण्यकार्यात साहाय्य करा, पाप आणि अतिक्रमणात साहाय्य करू नका. हीच आज्ञा पैसे घेऊन आपल्या शेतातून नदीकडे रस्ता देणाऱ्याला, गाडी येत असल्याची खबर देणाऱ्याला आणि स्वस्त मिळते म्हणून डोळे मिटून घेणाऱ्यालाही लागू आहे. ज्यांच्यावर देखरेखीची जबाबदारी आहे त्यांनी सूरह बकराची १८८ वी आयत समोर ठेवावी. तिच्यात एकमेकांचा माल अन्यायाने खाण्यास आणि त्यासाठी अधिकाऱ्यांपुढे पैशाचे आमिष ठेवण्यास मनाई आहे. लाच देणारा आणि घेणारा या दोघांवरही प्रेषितांनी (स.) लानत पाठविली आहे.

सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये लांबचा प्रवास करून आलेल्या, केस विस्कटलेल्या, धुळीने माखलेल्या माणसाचे चित्र आहे. तो हात उंचावून पालनकर्त्याला हाक मारतो. परंतु त्याचे खाणे, पिणे आणि वस्त्र हरामचे असते. त्याची दुआ कशी स्वीकारली जाईल, असे प्रेषित (स.) विचारतात. दुष्काळात आपण पावसासाठी इस्तिस्काची नमाज अदा करतो. मैदानात हात उंचावण्यापूर्वी त्या हातांनी नदीचे काय केले, हे तपासून पाहण्याची गरज आहे.

जो या मार्गावरून परत फिरू इच्छितो त्याच्यासाठी दार उघडे आहे. सूरह तलाकमध्ये वचन आहे की जो अल्लाहचे भय बाळगतो त्याच्यासाठी तो मार्ग काढतो आणि कल्पनाही नसेल अशा ठिकाणाहून त्याला रोजी देतो. मात्र तौबा केवळ शब्दांनी पूर्ण होत नाही. हे हुकूकुल इबादचे प्रकरण आहे. झालेले नुकसान शक्य तितके भरून देणे हा तौबेचा भाग आहे. खड्डे बुजविण्यास मदत करणे, काठावर झाडे लावणे, ज्याची विहीर आटली त्याला पाणी देणे, अशी भरपाई प्रत्येकाला करता येते.

मशिदीच्या आवारातील ढीग

प्रारंभीच्या प्रसंगाकडे परत येऊ. सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे की प्रेषितत्व प्राप्त होण्यापूर्वी पाच वर्षे कुरैशांनी काबागृहाची पुनर्बांधणी केली. तेव्हा त्यांच्यातील एका वडीलधाऱ्याने आग्रह धरला की या कामात केवळ पवित्र कमाई लावावी. वेश्याव्यवसायाचा, व्याजाचा किंवा कोणावर अन्याय करून मिळविलेला पैसा यात येता कामा नये. सर्वांनी ते मान्य केले. परिणाम असा झाला की पैसा अपुरा पडला आणि इमारत मूळ पायापेक्षा लहान करावी लागली. हतीमचा भाग बाहेर राहिला. माननीय आएशा (रजि.) यांनी तो भाग आत का घेतला नाही असे विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) हेच कारण सांगितले की तुझ्या लोकांजवळ खर्च अपुरा पडला होता. हे बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे.

हे लोक मूर्तिपूजक होते, व्याज खात होते, परस्परांवर अन्याय करीत होते. तरीही अल्लाहच्या घराच्या बाबतीत त्यांना एवढी लाज होती की लहान इमारत चालेल, पण मलिन पैसा नको. आज हज व उमरेला जाणारा प्रत्येक जण हतीमला वळसा घालून तवाफ करतो. ती अर्धवर्तुळाकार भिंत आपल्याला दरवेळी याची आठवण करून देते.

मस्जिदे नबवीचे उदाहरणही असेच आहे. ती जागा दोन अनाथ मुलांची होती. त्यांनी ती भेट म्हणून देऊ केली, परंतु प्रेषितांनी (स.) ती विकत घेतली. पुढे तिथे कच्च्या विटा, खजुरीचे खोड आणि झावळ्या यांची मशीद उभी राहिली. तिचा स्लॅब पक्का नव्हता, तिचा पाया निर्मळ होता.

म्हणून कमिटीतील त्या वयस्क गृहस्थांचा प्रश्न योग्य होता. देणाऱ्याच्या मालकीची नसलेली वस्तू दान होत नाही. अल्लाह पवित्र आहे आणि तो पवित्र वस्तूच स्वीकारतो. एखाद्या विशिष्ट प्रकरणात काय करावे याचा शरई निर्णय आपल्या भागातील मुफ्ती व उलमांकडून घ्यावा. परंतु तो निर्णय मिळेपर्यंत त्या ढिगाला हात लावू नये, आणि देणाऱ्याला एकांतात, सन्मानाने समजावून सांगावे. चारचौघांत त्याचा अपमान झाला तर वाळू परत जाईल, पण माणूस परत येणार नाही.

आपण काय करू शकतो?

घर, मशीद किंवा मदरसा बांधताना वाळूची पावती मागावी आणि ती त्याच खेपेची आहे याची खात्री करावी. आपली मागणी हाच या व्यवहाराचा पाया आहे.

काळा पाषाण दळून तयार केलेली कृत्रिम वाळू आता सर्वत्र मिळू लागली आहे. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या मानकानुसार ती काँक्रीटमध्ये वापरता येते. दर्जा तपासून ती घ्यावी. तिच्यासाठीही डोंगर फोडावा लागतो, हे ध्यानात ठेवून गरजेपुरतेच बांधावे. दिखाऊ कमानी आणि मोकळे पडून राहणारे मजले हा इस्राफच आहे.

गावाच्या ग्रामसभेत नदीचा विषय मांडावा. बेकायदा उपशाची तक्रार एकट्याने करण्यापेक्षा सर्व धर्मांच्या गावकऱ्यांनी मिळून लेखी करावी. नदी सर्वांची आहे. तिच्या रक्षणासाठी एकत्र येणे हीदेखील शेजारधर्माची पूर्ती आहे.

जकात, सदका आणि बिनव्याजी कर्जाच्या सामूहिक व्यवस्थेतून वाळूच्या कामात अडकलेल्या तरुणांना दुसरा व्यवसाय उभा करून द्यावा. हात धरायचा तर त्या हातात काही तरी ठेवावेही लागते.

घरातील मुलांना नदीवर नेऊन वाळू दाखवावी. तयम्मुमच्या वेळी पाणी नसेल तर हीच पवित्र माती आपल्याला पाक करते, हे त्यांना सांगावे. जी वस्तू आपल्याला पाक करते ती नापाक मार्गाने घेऊ नये, एवढे मुलांना सहज समजते.

सूरह रूमची ४१ वी आयत सांगते की भूमीवर आणि समुद्रात जो बिघाड माजला तो माणसांच्या हातांच्या कमाईमुळे, आणि त्याची थोडी चव त्यांना यासाठी दिली जाते की त्यांनी परत फिरावे. आटलेली विहीर आणि खचलेला काठ ही ती चव आहे. ती परत फिरण्यासाठी आहे, यातच अल्लाहची दया आहे.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाईवर समाधानी राहण्याची, अमानतीचे रक्षण करण्याची आणि मापात अतिरेक न करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.